शिंपला

चार कागद. शाळेच्या चौकोनी वहीतले,
कडेला डिंकानं जोडलेले.
अख्खा हिवाळा मी त्यांवर घर काढत होते.
एक चौकोन म्हणजे एक पाऊल.
एक भिंत इतक्या वेळा सरकली
की तिथला कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा झाला.

आई म्हणाली, छान.
बहीण म्हणाली, छानच, आणि फोटो काढून घेतला.
मग चिखलानं जड झालेले बूट ओढत
नोल्बेर्तो चिग्वाय आले.
किंचाओ बेटावरची एकोणीस घरं त्यांच्या हातची.
त्यातलं एक, बैल जुंपून, अख्खंच्या अख्खं
पलीकडच्या टेकडीवर नेलं तेव्हा
एक खिळा सुटला नाही, असं लोक सांगतात.
(ते स्वतः सांगतात, दोन सुटले.)

"पेन्सिल देऊ?"
"नको. कागद तुझा, रेघ तूच ओढ."
खिशातून एक रिकामा शिंपला काढला, निळाकाळा,
आणि दाराशी ठेवला.
"पावसातून आलीस. हातात लाकडं.
आता हे ओले बूट कुठे?"

घरात माणसं येतील एवढंच मला वाटलं होतं.
बूट येतील हे सुचलंच नव्हतं.

शिंपला सरकला.
"चुलीचं धुराडं वर जातं ते तुझ्या पलंगातून?"
शिंपला सरकला.
"आणि बटाटे? तीस पोती.
ती काय न्हाणीघरात निजणार?"
आई हसली. मी नाही हसले.

मग उत्तरेची खिडकी. माझी खिडकी.
सहा चौकोन रुंद,
कारण आमच्याकडे ऊन उत्तरेनं येतं.
शिंपला तिथं बराच वेळ थांबला.
"ऊन येतं, खरंय.
पण वादळही त्याच वाटेनं येतं, पोरी,
आणि ते दार वाजवत नाही."

एकही शब्द वाकडा नव्हता त्यांचा.
तेच जास्त झोंबलं.
तीन दिवस मी त्यांना उत्तरं देत राहिले,
मनातल्या मनात, भांडी घासताना,
पोरांच्या वह्या तपासताना,
ज्यांत मी लाल शाईनं किती सहज लिहिते:
पुन्हा कर.

चौथ्या दिवशी बुटांना जागा दिली.
बटाट्यांना जिन्याखालचा अंधार दिला.
पलंग हलवला.
खिडकी नाही हलवली.
सहाचे चार चौकोन केले, बाहेरून झडपा काढल्या,
पण भिंत तीच.
तिथून डाल्काव्हेची बोट दिसते
आणि मला घरातून बोट दिसायला हवी.
याला पुढे कारण नाही.

"हं," ते म्हणाले. "मग काच जाड घे."

ऑक्टोबरात पुन्हा आले.
काखेत खताच्या कागदी पोत्याचा तुकडा,
त्यावर कोळशानं काढलेली एक खोली.
ओर्फेलिनासाठी. तिचे गुडघे
आता जिना चढत नाहीत.
"बघ जरा," म्हणाले,
आणि स्वतः छताकडे बघत बसले.

एकोणीस घरं बांधलेला माणूस.
रेघा सरळ. पलंग चुलीच्या उबेला.
आणि न्हाणीघर, दोन पायऱ्या वर.

छान म्हणणं किती सोपं होतं.
जिभेच्या टोकाशी आलंच होतं.
मी फळीवरून शिंपला काढला,
मागल्या वेळी ते विसरून गेले होते तो,
आणि पायऱ्यांवर ठेवला.
"पहाटेचे तीन. ओर्फेलिनाबाई.
दिवे गेलेत. एका हातात काठी."

चुलीत एक ओलं लाकूड चरचरत राहिलं.
त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.
मी ओळखलं:
तीनांतला हा पहिला दिवस.

जाताना शिंपला उचलून खिशात टाकला.
दारापर्यंत गेले. परत आले,
टेबलावर ठेवला.
"असू दे इथंच," म्हणाले.
"अजून माझं छप्पर बघायचंय तुला."